काहीही झालं तरी

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा सासऱ्यांशी माझं ठरलं, चार दिवस बबडी त्यांच्याजवळ राहते का पाहायचं. नाही राहिली तर मी नोकरी सोडणार. त्यांनी जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलेलं, त्यामुळे सगळं कागदावर मागायची सवय. म्हणून मी फ्रिजवर कागद चिकटवला: 'रडली तर', आणि खाली ओळीने काय झालं तर काय करायचं ते.

पहिल्या दिवशी सहा फोन. दुसऱ्या दिवशी आठ. दर वेळी मी विचारायची, लंगोट ओला आहे का, भूक लागली असेल का, आणि त्यातलंच काहीतरी निघायचं. मनातल्या मनात मी राजीनामा लिहायला घेतला होता.

माझं काम कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम तपासून तो संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. प्रोग्रामर लिहून ठेवतो, माहिती अशा आकाराची आली तर हे कर, तशा आकाराची आली तर ते. त्या ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि जी पहिली जुळेल तिचंच चालतं. एखादा आकार लिहायचा राहिला तर कंपायलर आधीच बजावतो. आणि 'काहीही आलं तरी' ही ओळ कुणी सगळ्यांत वर लिहिली, तर खालच्यांची पाळी कधी येतच नाही. तिसऱ्या दिवशी मी नेमका तोच इशारा लिहीत होते: 'ही ओळ कधीच वापरली जाणार नाही, वरची सगळंच गिळते.'

हात थांबला. घरच्या कागदावर पहिलीच ओळ, ठळक अक्षरांत: 'काहीही झालं तरी मला फोन करा.'

संध्याकाळी विचारलं, बाबा, खालचं वाचलंच नाहीत का? ते शांतपणे म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये असतं तसं कापायचं, सूनबाई. आपली अक्कल चालवली की लेथवरचा जॉब वाया."

ती ओळ मी तळाशी नेली.

चौथ्या दिवशी फोन आलाच नाही. चार वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला. धावतपळत घरी पोचले, तर बबडी त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेली आणि खांद्यावर माझा जुना स्वेटर.

कागदावर माझ्या शेवटच्या ओळीच्या वर, दाटीवाटीने, त्यांचं कोरीव अक्षर होतं: 'भूक नाही, ओलं नाही, दाराकडे बघून रडते: आईचा स्वेटर घेऊन फेऱ्या मारणे.'

"ही ओळ राहून गेली होती तुझी," ते कुजबुजले. मग बबडीची मान सावरत म्हणाले, "उद्या जरा उशीर झाला तरी चालेल. स्वेटर तेवढा ठेवून जा."