अप्पांचे गार हात

बाळीवेशीत शिवयोगी अप्पांना नावानं कुणी ओळखत नसे. ते बर्फवाले अप्पा. अक्कलकोट रस्त्याला त्यांचा बर्फाचा कारखाना होता, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात बर्फ ज्याच्या हातात, त्याचं अर्धं गाव मिंधं. लग्नघरं, रसवंतीवाले, लस्सीवाले सगळे त्यांच्या दारात. पण सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक उजनी धरणातल्या मासळीवाल्यांचं. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घरात अंड्याचं नावसुद्धा नाही, आणि बर्फ मात्र माशांखाली! सोयरेधायरे टोमणे मारायचे, "काय अप्पा, मासे तुमच्याच गादीवर झोपतात म्हणे?" अप्पा शांतपणे म्हणायचे, "झोपू द्या की. मी गादी देतो, पंगतीला बसत नाही."

राजेश्वरी त्यांची थोरली. लहानपणी बर्फाच्या गाडीत त्यांच्याशेजारी बसून ती मासळी बाजारात जायची आणि नाकाला रुमाल न लावता सगळं डोळे फाडून बघायची. एकदा तिला टोपलीत एक मासा दिसला, कमानीसारखा वाकलेला आणि तसाच कडक झालेला. ती तो सरळ करायला गेली तेव्हा अप्पांनी तिचा हात धरला. "ओढू नको. पडला तसा आखडलाय. आता जोर लावलास तर मांस फाटंल. मऊ असताना सरळ ठेवायचा असतो." मग बर्फाच्या लादीवर टिचकी मारून म्हणाले, "आणि बर्फाचं म्हणशील, तर बर्फ काही टिकवत नाही पोरी. नुसता उशीर करतो."

पोरीच्या डोक्यात ते वाकड्या माशाचं कोडं जे शिरलं, ते तिला प्राणिशास्त्राची प्राध्यापक करूनच थांबलं. दरवर्षी ती वर्गात दोन मासे आणायची, एक उघड्यावर ठेवलेला, एक बर्फातला. मुलांना सांगायची, जीव गेला म्हणजे सगळं शरीर एकदम मेलं असं नसतं. स्नायूंमधली शिदोरी संपली की ते जिथे असतील तिथे कुलूप लावून बसतात. उन्हात ते कुलूप लवकर लागतं आणि लवकर सुटतंही, गारव्यात मात्र दिवसच्या दिवस तसंच राहतं. याच गारव्यात माणसाचं मूत्रपिंड दिवसभर तग धरतं, हृदय मात्र काही तासच. प्रत्येक मांसाची सबुरी वेगळी. मुलं नाक दाबून लिहून घ्यायची.

घरी मात्र या शास्त्राचा उपयोग एवढाच, की अप्पांचे हात गार का, हे तिला ठाऊक होतं. पोरं लहान होती तेव्हा कारखान्यातून आले की अप्पा चोरपावलांनी मागून यायचे आणि तिच्या नाहीतर धाकट्या सिद्धूच्या मानेवर दोन्ही हात टेकवायचे. पोरं किंचाळत घरभर पळायची. भर मे महिन्यातसुद्धा ते हात गारच असत. पुढे सिद्धू नोकरीसाठी कॅनडाला गेला. तिथे पहिला बर्फ पडला तेव्हा त्यानं फोन करून सांगितलं, "अप्पा, इथं सगळं गावच तुमच्या हातासारखं झालंय."

असे हे अप्पा चैत्रातल्या एका पहाटे झोपेतच गेले. चहा घेऊन गेलेल्या राजेश्वरीनं दोन हाका मारल्या, मग कप खाली ठेवून त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

त्यांनी डोळे द्यायचं कबूल केलं होतं. राजेश्वरीच्या नवऱ्यानं, शिवकुमारनं, नेत्रपेढीला फोन केला. दोन मुली आल्या, अप्पांना नीट उताणं झोपवलं, आपलं काम केलं आणि पापण्या हळुवार मिटवल्या. एवढ्याशा बाटलीतले अप्पांचे डोळे बर्फ भरलेल्या डब्यात बसले आणि निघाले. दारापर्यंत पोचवायला गेलेल्या राजेश्वरीला वाटलं, अप्पा शेवटी आपल्याच गादीवरून गेले. तिला रडू आलं नाही. कामं फार होती.

तेवढ्यात अक्कलकोटहून महानंदा आत्या आली. अप्पांची पाठची बहीण, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी. उंबऱ्यातूनच ओरडली, "अजून झोपवूनच ठेवलंय व्हय? बसवा की गं! बेगा बसवा, लवकर!"

त्यांच्यात, लिंगायतांत, माणूस गेलं की त्याला जाळत नाहीत, आडवंही नेत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. बसवूनच मिरवत नेतात आणि खड्ड्यात बसवूनच माती देतात. त्यामुळे आत्या म्हणत होती ते बरोबरच होतं. पण त्याच वेळी सिद्धूचा फोन चालू होता. तो विमानतळाकडे निघाला होता आणि एकच धोशा लावला होता, "अक्का, मी येईपर्यंत ठेव. कसंही कर, पण ठेव." बाहेर ऊन आत्ताच भाजायला लागलं होतं. शिवकुमारनं काचेची शीतपेटी मागवली. पेटी लांब, आडवी. तिच्यात बसायची सोय कुठून असणार?

"आत्या, सिद्धू येऊ दे," राजेश्वरी म्हणाली. "आला की लगेच बसवू. एका दिवसानं काय बिघडतंय?"

"बेगा बसवत्यात गं," आत्या पुटपुटली. का, ते तिला सांगता आलं नाही. तिच्या आईनं तिला तसं सांगितलं होतं, एवढंच. अप्पा पेटीत गेले, सरळ, हात अंगाशी, पाय लांब. काचेवर बाष्प धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धू दुबईत अडकल्याची बातमी आली. पुढचं विमान हैदराबादचं, तिथून गाडी. सगळं सुरळीत झालं तर संध्याकाळ. प्रभु अय्या, त्यांच्या घरचे जंगमस्वामी, विधीसाठी येऊन बसले होते. ते म्हणाले, "मुलगा यायचा तेव्हा येईल. आपण अंघोळ घालून बसवून तरी ठेवू." पेटी उघडली. चौघांनी अप्पांना उचललं, तर अप्पा फळीसारखे एकसंध वर आले. गुडघा वाकेना. कोपर वाकेना. बोटंसुद्धा सुटेनात.

एका पुतण्यानं बाह्या सरसावल्या. "जोर लावला की बसतील." त्यानं गुडघ्यावर हात ठेवून दाबलं. आतून बारीकसा आवाज आला.

"थांब!" राजेश्वरी अशी ओरडली की गल्लीतली माणसं दारात आली. "कुणी हात लावायचा नाही. फाटतं आतलं."

आणि हे बोलता बोलताच तिला तो टोपलीतला मासा आठवला. वीस वर्षं मुलांना शिकवलेला धडा, फळ्यावर शेकडो वेळा काढलेली आकृती, आणि स्वतःच्या बापाला तिनं आडवं झोपवून बर्फात कुलूप लावलं होतं. मऊ असताना बसवायचे होते. आत्या घसा फोडून तेच सांगत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथेच खाली बसावंसं वाटलं.

प्रभु अय्यांनी तिच्याकडे बघितलं. भला माणूस. म्हणाले, "ताई, जिवाला लावून घेऊ नका. आडवं ठेवून माती दिली तरी चालतं, अडचणीत करतात लोक. शिवाला काय, आडवं-उभं सारखंच."

"शिवाला चालंल," आत्या भिंतीला टेकून म्हणाली, "माझ्या अण्णाला न्हाय चालायचं."

ते खरं होतं. राजेश्वरीची आई गेली तेव्हा तिला बसवून नेताना अप्पा बराच वेळ बघत राहिले होते. रात्री जेवताना म्हणाले, "मलाही असंच न्या बरं का. आडवं घालून न्यायला मी काय बर्फाची लादी आहे?" सगळे रडता रडता हसले होते. अप्पांनी उभ्या आयुष्यात मुलांकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

राजेश्वरीनं सिद्धूला फोन लावला. "ऐक. पेटी बंद करते. त्यांना उबेत ठेवायला लागेल, मग सांधे हळूहळू सुटतील. पण एकदा गारवा काढला की या उन्हात परत थांबवता येणार नाही. चेहरा राहील तितकाच राहील. तू येईपर्यंत कसा असेल, मी सांगू शकत नाही. फार उशीर झाला तर तुझ्याशिवाय न्यावं लागेल."

पलीकडे विमानतळावरची घोषणा ऐकू आली. मग सिद्धू म्हणाला, "नको अक्का. मला फक्त त्यांचा चेहरा बघायचाय. आडवं नेलं तर अप्पांना काय कळणार आहे?"

"त्यांना नाही कळणार. मला कळेल."

"तुझी चूक, आणि शिक्षा मला?"

अप्पांना ठेवायचा आग्रह कुणाचा, हे तिला बोलता आलं असतं. कॅनडात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, हेही जिभेवर आलं होतं. पण हो म्हणणारी तीच होती. एकीकडे जिवंत भाऊ, दुसरीकडे गेलेला बाप, आणि दोघांचं एकाच वेळी राखता येत नव्हतं. गेले चोवीस तास ती एवढंच करत आली होती, पुढे ढकलणं.

"लवकर ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग स्वतःच्या हातानं पेटीचं बटण बंद केलं. घरघर थांबली तेव्हा कळलं की घर केवढं शांत आहे.

अप्पांना सोप्यात चटईवर घेतलं. खिडक्या सताड उघडल्या, आणि जे ऊन सोलापूरकर पडदे लावून बाहेर ठेवतात, ते तिनं आत बोलावलं. चुलीवर पाणी चढलं. टॉवेल बुडवून, पिळून, खांद्यावर, कोपरावर, गुडघ्यावर. गार झाला की दुसरा. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला आत्या. घाई नाही, जोर नाही. नुसतं चोळायचं, जरा हलवून बघायचं, परत चोळायचं.

"सोड रे अण्णा," आत्या लहान पोराशी बोलावं तसं बोलत होती. "सोड की आता. किती हट्ट करशील? जल्मभर बर्फात राहिलास, आता जरा ऊन घे."

आधी मान सुटली. मग कोपर, मग बोटं एकेक करून. गुडघे मात्र अप्पांच्या स्वभावाचे, शेवटपर्यंत अडून बसलेले. दुपार कलली तरी ते हलेनात. राजेश्वरीचे तळवे भाजून लाल झाले होते. एकदा तिच्या मनात आलं, जमलं नाही तर? भावाकडून चेहराही हिरावला आणि बापाला बैठकही नाही दिली, असं झालं तर उरलेलं आयुष्य कसं काढायचं? ती चोळत राहिली. आणि मग तिच्या हाताखाली डावा गुडघा हळूच ढिला झाला, कुणीतरी कंटाळून हो म्हणावं तसा. थोड्या वेळानं उजवाही.

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. ज्याचं पाऊल तिच्या मांडीवर होतं त्या बापासाठी ओक्साबोक्शी रडली, आणि आत्या ओल्या टॉवेलनं तिचंच तोंड पुसत राहिली.

अंघोळ झाली, विभूती लागली. अप्पा भिंतीशी मांडी घालून बसले, जिथे ते रोज पेपर वाचत तिथेच. पाठीमागच्या खुंटीला उपरणं बांधून मान सावरली. डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजवा हात गुडघ्यावर. बैठक अगदी त्यांची. चेहरा मात्र तासातासाला काळवंडत होता, गालांवर सूज चढत होती. उदबत्त्यांचा धूर वाढवावा लागला. प्रभु अय्यांनी दोनदा उन्हाकडे बघितलं. "ताई, आता फार थांबता यायचं नाही." राजेश्वरी म्हणाली, "नळदुर्ग सोडलंय त्यानं. एवढं थांबा."

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि सिद्धू धावत आला. दारातच त्याचे पाय अडले. वाटभर त्यानं काचेखालच्या चेहऱ्याची मनाशी तयारी केली होती, आणि इथे अप्पा सोप्यात बसलेले होते. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. राजेश्वरी कोपऱ्यात उभी होती. आता हा काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. चेहरा राहिला नव्हता, हे तिलाही दिसत होतं.

सिद्धू पुढे आला. अप्पांसमोर गुडघ्यांवर बसला आणि भीत भीत त्यांचा उजवा हात हातात घेतला. दचकला. पुन्हा चाचपून पाहिला. दोन्ही हातांत धरला.

"अक्का," तो वळून म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणीचा झाला होता. "अक्का, अप्पांचे हात गरम आहेत."

मग त्यानं डोकं खाली वाकवलं, तो हात हळूच उचलून स्वतःच्या मानेवर ठेवला, आणि तसाच वाकून राहिला.

दिवसभराचं ऊन होतं ते, आणि टॉवेलांची ऊब. हवेइतकंच अंग तापतं, यात नवल काही नाही. राजेश्वरीला हे सगळं ठाऊक होतं.

"हो रे," ती म्हणाली, "आज गरम आहेत." आणि त्याच्याशेजारी जाऊन बसली.