लाल ठिपक्याचा मोबाइल

मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे, मित्रांनो. माझे निम्मे आकडे पुसले गेलेत, पाठीला रबरबँड आहे. पण आवाज अजून खणखणीत!

दुकानातून मी टोपल्या विणणाऱ्या एका मावशीच्या घरी आलो. तिच्या लेकीने मला पाठवले होते. लेक दूर सासरी, दिवस भरत आलेले. "बाळ झालं की पहिला फोन तुला," असा तिचा निरोप होता.

आमच्या वस्तीत तेव्हा मोबाइल कुणाकडेच नव्हता. शेजारीण म्हणाली, "आपल्याला अक्षर वाचता येत नाही, हे काय वापरणार? आणि घरात वीज तरी कुठंय?"

मावशीचा मात्र माझ्यावर भारी जीव. मी झिजू नये म्हणून तिने मला बंद केले, फडक्यात गुंडाळले आणि पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवले! मग रोज पेटीपाशी टोपली विणत, मी वाजण्याची वाट बघत बसे. माझी अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली.

चौथ्या दिवशी मावशी रडवेली झाली. तेवढ्यात कपडे शिवणारी काकू आली. तिला अक्षरे येत, आणि शहरात तिने मोबाइल हाताळला होता.

"लेकीचा फोनच येईना गं. काही बरंवाईट तर नसेल?"

"फोन कुठंय?"

"पेटीत. बंद करून ठेवलाय, झिजायला नको."

काकू हसत हसत खालीच बसली. "अगं, दाराला कडी लावतेस आणि पाहुणे येत नाहीत म्हणतेस!"

तिने मला चालू केले, लेकीने चिठ्ठीवर पाठवलेला तिचा नंबर एका बटणावर बसवला आणि त्यावर टोपल्या रंगवायच्या लाल रंगाचा ठिपका दिला. "हे दाबायचं. बाकीच्यांच्या वाटेला जायचं नाही."

मावशीने लाल ठिपका दाबला.

"आई! तीन दिवस फोन लावतेय! मुलगी झाली! दोघी बऱ्या आहोत!"

मागून बाळ जे रडू लागले, ते दारात जमलेल्या सगळ्यांनी ऐकले. मावशी रडत होती आणि हसतही होती. त्या क्षणी मला माझाच केवढा अभिमान वाटला!

दुसऱ्याच दिवशी शेजारीण काकूकडे हजर. "मलापण घेऊन दे. पण लाल ठिपक्याचाच हवा!" वस्तीत वीज फक्त पिठाच्या गिरणीत, म्हणून आठ दिवसांत गिरणीवाल्याने दळणाच्या डब्यांशेजारी चार्जिंगसाठी फळी ठोकली.

आता ती नात स्वतःच आजीला फोन करते. मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण तिला तिचे काम करू द्या. पेटी अजून घरात आहे, रिकामी. मी असतो मावशीच्या कमरेच्या पिशवीत, चालू!