पुसून टाकलेला जबाब

विषय: विमानाच्या इंजिनातील मुख्य बेअरिंगचा खालचा अर्धा भाग चाचणीत पास झाला की नापास, हे त्यास कळविणेबाबत.

उपरोक्त विषयी सविनय निवेदन करतो, की तो खालचा अर्धा भाग म्हणजे मीच. पन्हळीचा तळहाताएवढा तुकडा असावा, तसा माझा आकार. पाठ पोलादाची, पोटाला तांबं-शिसं आणि वर शिशाचा पातळ थर. पाठ कडक, पोट मऊ. कचेरीत टिकायला एवढं पुरेसं असावं.

इंजिनात पिस्टन वरखाली धावाधाव करतात आणि त्यांचा सगळा राग क्रँकशाफ्ट नावाच्या दांड्यावर निघतो. तो दांडा माझ्या आणि वरच्या भावाच्या मध्ये फिरतो. त्याचा भार मी पेलायचा, पण त्याने मला शिवायचं नाही. मध्ये तेलाचा थर हवा. ज्याला जन्मभर अंगावर वागवायचं, त्याचा स्पर्श झाला की आपण नापास! माझा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मला घडवून घेतलं चाचणी विभागाच्या कानकाकांनी. चालत्या इंजिनाला लाकडी दांडकं टेकवून दुसरं टोक कानाला लावायची या इंजिनिअरना सवय, म्हणून हे नाव. खालच्या भागात तेलाची खाच नकोच, म्हणजे भार पेलायला जागा जास्त, ही कल्पना त्यांची. आणि हे इंजिन घेऊन पहिल्यांदा उडणार होती त्यांचीच मुलगी.

“बाबा, बेअरिंग तुमचं, मान माझी,” ती म्हणायची.

“मान सांभाळ. बेअरिंगचं मी बघतो.”

चाचणी संपली, इंजिन उघडलं. तिथला नियम असा, की बाहेर काढलेलं बेअरिंग पुसायचं नाही. तेल, काजळी, ओरखडे, सगळं तसंच ठेवायचं. तोच त्याचा जबाब. पण कानकाका जेवायला गेले आणि पाहुणे आले. माझं काळं तोंड पाहुण्यांपुढे ठेवणं विभागप्रमुखांना बरं दिसेना. त्यांनी मला घासूनपुसून, पॉलिश करून मखमलीवर मांडलं. पाहुणे “वा, किती हलकं!” म्हणाले, चहा प्याले आणि गेले.

कानकाका परतले, मला पाहिलं आणि मखमलीवरून उचललं. माझ्या एका कडेला बाकीच्या अंगाहून जास्त चकचकीत डाग होता.

“ही चमक दांडा घासल्याची, की पॉलिशची?”

खरं सांगतो, मलाही माहीत नाही. इंजिनाच्या त्या गदारोळात कोण कोणाला लागलं, कसं कळणार? दांड्यावरही खूण सापडली नाही. मी मऊ पडलो ना.

“अहो, चमकतंय ते!” प्रमुख म्हणाले. “लोक काळं पडलं म्हणून रडतात, तुमचं भलतंच.”

“साहेब, चोरी झालेल्या खोलीला तुम्ही रंग देऊन घेतलात.”

“नापास झाल्याचा पुरावा आहे का? नाही ना? मग पास लिहा.”

“पास झाल्याचा तरी कुठे आहे?”

संध्याकाळी मुलगी आली, काखेत हेल्मेट. “बाबा, चढू की नको, तेवढं सांगा.”

कानकाकांनी मला उजेडात धरलं, फिरवलं, कडेवरून नख फिरवलं.

“मला कळत नाही गं.”

“तुम्हालाच कळत नाही, तर मी कशाला चढू?” तिने हेल्मेट त्यांच्या टेबलावर ठेवलं. “कळलं की हाक मारा.”

नव्या जोडीवर पुन्हा चाचणी घ्यावी, असा अर्ज कानकाकांनी केला. सोबत पुरावा म्हणून मला सुतळीने बांधलं. शेरा आला: ‘सोबतचे बेअरिंग उत्तम चकाकत असताना फेरचाचणीचे कारण स्पष्ट करावे.’ त्यांनी केलं. अर्ज पुन्हा वर गेला, मीही गेलो. जो येतो तो मला हातात घेतो, अंगठ्याने पुसतो आणि खाली ठेवतो. मी दिवसेंदिवस जास्तच चकाकतोय.

मला पासच करा, असा आग्रह नाही. नापास ठरलो तरी चालेल. पण ती चढण्याआधी ठरवा.

विमान इंजिनाविना उभं आहे. हेल्मेट टेबलावर आहे. अर्ज प्रलंबित आहे.