वाटणीत राहिलेला तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी ग्राफिक्स सिस्टीम आहे. संगणकाच्या पडद्यावर खिडकी उघडते, अक्षरं उमटतात, माउसचा बाण सुरसुर पळतो, ते सगळं मी रेखाटते. माझा मालक कुणी नाही. शिंगणापूरच्या घरांना दार नसतं, तसं मलाही कुलूप नाही. कुणीही आत यावं, माझी ओळ न् ओळ वाचावी, चुकलं असेल ते नीट करावं. अशा शेकडो हातांनी मला वीस-पंचवीस वर्षं वाढवलं.

लाडानं पोर बिघडतं, तशी मी फुगत गेले. सगळी एकाच गोळ्यात. पारनेरचा वैजनाथ माझ्या सांभाळणाऱ्यांतला. बाणाच्या टोकाची एवढीशी चूक सुधारायची, तरी त्याला मला मुळापासून पुन्हा बांधावं लागे. सकाळी संगणकाला ते काम लावून तो ज्वारीला पाणी देऊन यायचा, जेवायचा, तरी माझं चालूच. शेवटी अक्षरांच्या भागात काहीतरी अडायचं आणि सगळी मेहनत पाण्यात जायची.

म्हणून माझी वाटणी ठरली. अक्षरांचा भाग वेगळा, बाणाचा वेगळा, खिडक्यांचा वेगळा. प्रत्येकाची चूल निराळी, सांभाळणारा निराळा. खरं सांगते, मला भीती वाटली. इतकी वर्षं एकत्र राहिलेलं घर मोडतंय, असंच वाटलं. पण गंमत अशी, की वेगळे झाल्यावर सगळे आधीपेक्षा गुण्यागोविंदानं नांदू लागले. बाण दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरू लागली. जो तो माझं कौतुक करू लागला.

फक्त एक तुकडा राहिला. जुन्या, स्वस्तातल्या संगणकांचे पडदे उजळवणारा. त्याच्यापुढे कुणाचंच नाव नव्हतं.

बुधवारी व्हिडिओवर बैठक भरली. वैजनाथ म्हणाला, "रुमानाताई, ज्याला वाली न्हाई तो भाग सोमवारी काढायचा ठरलंय. वापरतंय कोण आता?"

रुमानाही माझ्या सांभाळणाऱ्यांतलीच; जामखेडच्या एका वसतिगृहात ती मुलींना संगणक शिकवते. तिथले नऊच्या नऊ संगणक असेच जुने. आई-बाप ऊसतोडीला गेले, की मुली दर रविवारी त्या पडद्यांवर त्यांचे चेहरे बघतात. माझ्या जुन्या आवृत्तीवर ते व्हिडिओ कॉल नुकतेच बंद पडले होते, म्हणून नवी घ्यावीच लागणार होती. नव्या आवृत्तीत हा तुकडा नसेल, तर पडदे काळेच राहणार होते.

"आम्ही वापरतो," रुमाना म्हणाली. "पण ते काम मला येत नाही. तो भाग मी कधी उघडूनही बघितलेला नाही."

मागे तिची अम्मी, इमामबी, लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "आमच्यातबी वाटणी झाली हुती. विहीर झाली, म्हशी झाल्या, पत्रेबी मोजले. मंग ध्यानात आलं, म्हातारी ऱ्हायलीच की." ती हसली. रुमाना हसली नाही. त्या वाटणीनंतर अम्मीला घरी घेऊन आलेली तीच होती.

"माझं नाव लिहा," ती वैजनाथला म्हणाली.

तो तुकडा नव्या आवृत्तीत चालावा म्हणून पुढचे तीन दिवस तिनं मला पुरतं छळलं. दोनदा तर पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा आल्या. वैजनाथ फोनवरून सांगत होता, ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होती. त्या तुकड्याला इतक्या मायेनं कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता. मला भरून आलं.

रविवारी नऊही पडदे उजळले. वसतिगृहातल्या जयाच्या पडद्यावर उसाचा फड आला, मग तिची आई कडूबाई.

"आई, लई वाळलीस गं."

"माझं ऱ्हाऊ दे. तू केस इंचरलेस का, आधी सांग."

मित्रांनो, मोठं काम जरूर वाटून घ्या. पण वाटून झालं की लगेच उठू नका. कुणाच्याच वाट्याला काय आलं नाही, तेवढं एकदा विचारा. ते जुनं असेल, बिनकामाचं दिसेल. त्याच्या आधारानं कोण कुणाचा चेहरा बघतंय, हे वाटणी करणाऱ्याला दिसत नसतं.