सुरतेला दिलेली बहीण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही, तर आमच्याकडे लोक बापाला नाही, भावाला विचारतात. म्हणून शहाऐंशी साली आखाजीच्या आधी मी दोंडाईच्याला सुरतेची गाडी धरली.

माझी धाकटी बहीण मंजुळा सुरतेला दिलेली. तिचा नवरा लोटन तिथे कापडाच्या लूमवर कामाला. स्थळ मीच आणलं होतं. दारात नळ, डोक्यावर हंडा नाही, उन्हात निंदणी नाही, असं सांगून मीच मायला पटवलं. माय कधी धुळ्याच्या पलीकडे गेली नव्हती आणि शहर माणूस गिळतं असं तिचं ठाम मत होतं. तरी लेकीच्या डोक्यावरचा हंडा उतरेल म्हणून ती हो म्हणाली.

सुरतेतल्या उधन्याच्या तिच्या चाळीत नळ दारातच होता, एवढं खरं. आत मंजुळा घामाघूम होऊन स्टोपुढे भाकरी थापत होती आणि भिंतीला टेकून दहा-बारा पोरं जेवत होती. सगळी आपल्याच भागातली. सुरतेत बाकी सगळं मिळतं, पण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मिळत नाही, म्हणून महिन्याचे पैसे देऊन दोन्ही वेळ हिच्याकडे. लोटन डाव्या हाताने वाढत होता. उजव्या हाताची दोन बोटं दिवाळीच्या सुमारास लूमच्या पट्ट्यात गेली होती. मालकाने दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला. आम्हाला मात्र कोणी कळवलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. पोरं हात धुवून जाईपर्यंत कसाबसा गप्प बसलो आणि मग लोटनला नाही नाही ते बोललो. तो बिचारा ताटं घासत ऐकत राहिला. शेवटी मंजुळाला म्हटलं, सामान बांध, आखाजीला चल आणि परत यायचं नाव काढू नकोस.

तिने स्टो बंद केला.

"भाऊ, तठे मी चार दिननी पाहुनी. मंग वहिनीले जड व्हसू. आठे हाई मनं घर शे. आठ दिन सयपाक बंद ऱ्हायना, ते बठ्ठा पोऱ्या दुसरीकडे जेवाले जातीन. मी येवाव नही."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. डोळे कोरडे होते, मनगट तेवढं तव्याने भाजलेलं. मला तिची कीव येत होती, अभिमानही वाटत होता, आणि स्थळ आणणाऱ्या माझा मलाच राग येत होता.

मायला सांगायचं की लोटनला सुट्टी मिळाली नाही, असं मी गाडीत ठरवलं. पण घरी आलो तर तिने अंगणातल्या निंबाला मंजुळासाठी आखाजीचा झोका बांधून ठेवलेला. माझ्यामागे कोणी नाही हे पाहून ती उंबऱ्यातच बसली. मला खोटं बोलवेना. बोटांचं सांगितलं, खानावळीचं सांगितलं, ती यायला नाही म्हणाली तेही सांगितलं. आता सुरतेचा आणि माझा एकदमच उद्धार होणार, म्हणून मान खाली घालून उभा राहिलो.

"दहा-बारा जनस्न्या भाकरी ती एकलीच करस?" मायने विचारलं.

मी हो म्हटलं.

ती उठून आत गेली. ठेवणीतलं लुगडं काढलं आणि गाठोडं बांधायला बसली.

"सुरतनी गाडी सकाय कितला वाजता शे?"