वारा सुटेपर्यंत

काडी हलत नव्हती.

डोहातून वर आलेल्या सुक्या काडीच्या टोकावर लाल चतुर बसला होता, पंख पुढे झुकवून. अनिताचं लक्ष मात्र चतुराखालच्या काडीवर होतं. वारा सुटला की ती हलणार. ती हलली की आज शेतातला राब भाजता येणार नाही. एवढंच तिला हवं होतं. एक दिवस.

"चल गो," काळूराम म्हणाला. "साईनाथ शेतावर थांबला आसंल."

"बाबा, तो निळा बघा. पाण्याला शेपूट लावतोय."

सासरा पुन्हा दगडावर टेकला.

छातीत दुखल्यापासून डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं होतं. सोबतीला सून. उन्हाळाभर दोघं सकाळी वैशाखरे गावामागच्या ओढ्यापर्यंत यायची. आधी तो कुरकुरत यायचा, मग त्यालाच चतुरांची गोडी लागली. एखादा वेडा राघू चतुर पकडून फांदीवर आपटायला लागला की काळूराम राघूला शिव्या घालायचा.

काडी स्थिर.

भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, टहाळ, पाला, गवत असे थर लावून, वर माती पसरून राब तयार होता. भाजला की तण मरतं, रोप जोमानं येतं. भाजायचा तो वारा पडलेला असताना, आणि पेटवायचा काळूरामानेच. पण खालच्या कोपऱ्यात त्या मातीला मोकळं रान समजून टिटवीने अंडी घातली होती. काल संध्याकाळी एका अंड्याला बारीक तडा दिसला होता. टिटवीची पिल्लं सुकली की लगेच पळू लागतात.

एक दिवस.

सांगायचं का नाही? गेल्या वर्षी तिने बांधातली वेड्या राघूंची घरट्यांची बिळं राखायला सांगितली होती. काळूरामाने ते किन्हवलीच्या लग्नात भर पंगतीत सांगितलं. आमच्या सूनबाईला भात नको, राघू पायजेत. पंगत हसली. तिचा नवरा साईनाथही हसला. तेव्हापासून ती अशा गोष्टी कुणाला सांगत नव्हती.

साईनाथचा फोन वाजला. काळूराम उठला.

काडी हलली.

चतुर उडाला, परत बसला, काडीबरोबर झुलू लागला. अनिताचा जीव भांड्यात पडला. आता पायवाटेवर गवतही वाकत होतं. आज नको, म्हणेल. म्हणेलच.

शेतावर साईनाथने उद्यापासून कामावर जायचं असल्याचं ऐकवलं. काळूरामाने मूठभर माती उधळून पाहिली. आणि म्हणाला, वाऱ्याच्या उलट बाजूनं लावतो, सावकाश जळंल.

अनिताने पाण्याच्या ड्रममधून बादली भरून घेतली. 

आग खरंच सावकाश निघाली. कोतवाल पक्षी आले, धुरातून पळणारे किडे टिपू लागले. टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. आणि मग

वारा फिरला.

ज्वाळा आडवी झाली, बांधाच्या गवतात शिरली. बांधापलीकडे शेजारच्या पंढरीची उडवी, गुरांचा वर्षभराचा पेंढा. साईनाथ टहाळ घेऊन धावला. काळूराम छातीवर हात ठेवून, तरीही धावला. ड्रमजवळ अनिता, हातात भरलेली बादली. डावीकडे बांध. उजवीकडे कोपरा, टिटवी, आग चार हातांवर.

ती डावीकडे पळाली.

बादली. परत ड्रम. बादली. टिटवीचं ओरडणं पाठीत रुतत होतं. बांधावरचं गवत काळं पडून विझलं तेव्हा तिने पुढची बादली भरली आणि कुणाकडे न बघता कोपऱ्याकडे धाव घेतली. मातीवर पाणी आपटलं. वाफ उठली. एका कडेनं आग तरीही सरकत होती.

मागून फावडं आलं. काळूरामाने भराभर थर ओढून आगीपुढे मोकळा पट्टा पाडला. मग खाली पाहिलं. तीन अंडी. चौथ्याची टरफलं, आणि शेजारी मातीला चिकटून बसलेलं ओलं पिल्लू.

"कवापासून ठाव होतं तुला?"

"आंबे उतरवले तेव्हापासून."

"म्हणून डोहावर बसवलंस मला. निळा बघा, लाल बघा."

"हो."

"पंढरीचा पेंढा गेला असता."

"माहीत आहे."

"तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"मागल्या वर्षी सांगितलं होतं, बाबा."

काळूरामाने फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकली. बराच वेळ त्याचा श्वास जागेवर येत होता. साईनाथ दुरून काय झालं म्हणून विचारत होता, त्याला काळूरामाने हातानेच थांबवलं.

"हा कोपरा आता भाजत नाय," तो शेवटी म्हणाला. "रोपापेक्षा तण जास्ती येल. ते तू काढायचंस. एकटीनं."

"काढीन."

त्याने फावडं उचललं. घरची वाट टिटवीच्या कोपऱ्यावरून सरळ होती. तो मात्र जळक्या बांधावर चढला आणि राखेतून पाय भाजून घेत लांबून गेला.

वारा आता पुरता पडला होता.