झऱ्याच्या अलीकडचा दगड

मी हद्दीचा दगड बोलतोय. माझ्या मावळतीला द्राक्षमळ्यांचा जिल्हा, उगवतीला बिअरवाल्यांचा; मधे मी, बीच झाडांच्या रानाकडेला, झऱ्यापासून चार पावलांवर.

दोन संस्थानिकांचं भांडण मिटावं म्हणून मला रोवलं. पुढं संस्थानं गेली, राजे गेले, माझ्या अंगावर जिल्ह्यांची अक्षरं आली. गावच्या सात शपथबद्ध माणसांनी माझ्याखाली भाजक्या मातीच्या खुणा ठरावीक तऱ्हेनं मांडल्या होत्या. ती तऱ्हा सातांनाच ठाऊक. एक गेला की नव्याच्या कानात सांगायची, बायकोलासुद्धा कळू द्यायची नाही.

१९७२च्या वसंतात बातमी आली, दोन्ही जिल्हे एक होणार, शेतं नव्यानं मोजणार. मावळतीकडच्या ओटमारचा झऱ्यावर डोळा होता. झरा उगवतीकडच्या विधवा वालबुर्गाचा, तिच्या नऊ गाई त्याच पाण्यावर. एका धुक्याच्या सकाळी ओटमारनं मला ट्रॅक्टरनं उपटून झऱ्याच्या पलीकडे रोवलं. खाली काहीतरी पुरतात एवढंच त्याच्या कानावर होतं, म्हणून एक ताटली फोडून तुकडे टाकले. मला भयंकर संताप आला, पण दगडाला तोंड कुठलं!

वालबुर्गानं खालच्या खुणा तपासायला सातांना बोलावलं. त्यांच्यातला ज्येष्ठ किलियान, ओटमारचा सख्खा थोरला भाऊ.

"दादा, दगड आहे तिथं हद्द. उकरायचं कशाला?"

"तू रस्त्यावर जा. सातांशिवाय इथं कुणी थांबायचं नाही."

"भाऊ भावाचंच बघणार!" वालबुर्गा फणकारली. "माझ्या गाईंनी काय दव चाटायचं?"

"बाई, तुम्हीपण रस्त्यावर जा."

मला आडवं केलं. रीतीप्रमाणे पहिला हात ज्येष्ठाचा, बाकीचे सहा मागे. किलियान गुडघ्यांवर बसला, माती चाचपली आणि त्याचा हात थांबला. निळ्या फुलांचे तुकडे. आईची रविवारची ताटली. 'खुणा बरोबर' एवढं म्हटलं की झरा भावाचा. मी जीव मुठीत धरून पडलो होतो.

"खुणा नाहीत," तो म्हणाला. तुकडे मुकाट्यानं खिशात गेले.

झऱ्याच्या अलीकडे जुन्या जागी सगळ्या खुणा जशाच्या तशा निघाल्या. मला परत तिथं उभं केलं.

"सरकवला कुणी?" वालबुर्गानं विचारलं.

"थंडीनं जमीन फुगते, सरकला असेल."

"थंडीला ट्रॅक्टर चालवता येतो वाटतं!"

जाताना किलियाननं ओटमारसमोर फक्त मूठ उघडली; आत निळ्या फुलांचे तुकडे. त्यानंतर दोघे भाऊ एका टेबलावर जेवले नाहीत.

किलियानला जाऊन वर्षं झाली. दोन्ही अंगांना आता एकच जिल्हा आहे, अक्षरांवर शेवाळ चढलंय. म्हातारा ओटमार कधी येतो, झऱ्याकडे बघतो, पाणी न पिताच वळतो. रानात फिरायला येणाऱ्यांनो, माझ्यावर खुशाल बसा, पाव-सॉसेज खा. फक्त मला हलवू नका. पुन्हा कुणाच्या तरी भावाला गुडघ्यांवर बसावं लागेल.